कुंड्यांची उत्तरपूजा

१

दिल्लीत थंडी पडली की माणसांच्या दोनच जाती उरतात: ऊन असलेले आणि ऊन नसलेले. ऊन असलेल्यांची चैन असते. त्यांच्या गच्चीत डिसेंबरात बशीएवढाले डेलिया फुलतात, शेवंती फुलते, आणि रविवारी खाटा टाकून ती माणसं शेंगा सोलत दुपारभर पडून राहतात. हेमलताबाई टिपणीस ऊन नसलेल्यांपैकी होत्या.

पटपडगंजच्या एका जुन्या सोसायटीत तळमजल्यावर त्यांचं घर. घरामागे, इमारत आणि कुंपणाची भिंत यांच्यामध्ये, चार हात रुंदीची फरसबंद बोळ होती. तिथे बारा महिन्यांत एकदाही सूर्य येत नसे. केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर बाईंनी त्या बोळीत सावलीतली बाग केली. नेचे, कॅलेडियम, मॉन्स्टेरा, आणि सगळ्यांत लाडका काळ्या देठाचा वडीचा अळू. त्याच्या अळकुड्या, म्हणजे कंद, त्यांनी अलिबागेहून टॉवेलात गुंडाळून रेल्वेने आणल्या होत्या. पावसाळ्यात बोळ इतकी भरून जाई की कामवाल्या कौशल्येला झाडू फिरवायला जागा उरत नसे.

आणि थंडीत काही नाही. अळू पिवळा पडतो, मान टाकतो, आठ दिवसांत त्याचा चिखल होतो. कॅलेडियम तर होतं की नव्हतं अशी शंका यावी इतकं नाहीसं होतं. तीस कुंड्या आणि त्यांतल्या बहुतेकांत नुसती माती. तिसऱ्या मजल्यावरच्या विजयालक्ष्मी आपल्या डेलियांचे फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकू लागल्या की हेमलताबाई फोन पालथा ठेवत. हिरव्याची त्यांना अक्षरशः भूक लागे. मंडईतून त्या गरज नसताना मेथी आणत, कोथिंबिरीची जुडी पेल्यात उभी करून समोर बसत. त्यांचे यजमान बळवंतराव म्हणत, "खा तरी, नाहीतर तिला नाव तरी ठेव."

झोपलेल्या अळकुडीचे दोन नियम असतात. पाणी घालायचं नाही आणि उकरून बघायचं नाही. पहिला नियम बाईंनी एकदाच मोडला होता. कुंडी कोरडी दिसते म्हणून एका जानेवारीत माया करून तांब्याभर पाणी घातलं, आणि होळीला बघितलं तर आत बोटाला लागेल असं काहीच नव्हतं, नुसता आंबूस लगदा. तेव्हापासून त्या पाण्याच्या बाबतीत कडक झाल्या. दुसरा नियम मात्र त्यांना कधीच पाळता आला नाही. दर जानेवारीत एखाद्या कुंडीत एक बोट हळूच जायचंच. आत थंड, टणक काहीतरी लागलं की जिवात जीव यायचा.

"एकटी जाते आणि येताना लेकुरवाळी होऊन येते," त्या अळकुडीचं कौतुक सांगत. "एकीच्या पाच होतात चैत्रापर्यंत."

बळवंतराव यावर दोनदा खाकरत. एक लांब, एक आखूड. बेचाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी चहा तोंडाने कधी मागितला नव्हता. असं खाकरायचं आणि वाट बघायची. बाई कितीही रागावलेल्या असल्या तरी ते ऐकलं की उठून आधण ठेवत.

२

मार्गशीर्ष लागला की हेमलताबाई कुंड्यांची उत्तरपूजा करत. हा त्यांचा स्वतःचाच शोध. गणपती जाताना त्याच्यावर अक्षता टाकून मूर्ती जागची जराशी हलवतात, पुन्हा या म्हणतात, तसंच. ज्या कुंड्या झोपणार त्यांच्यावर चार चार अक्षता टाकायच्या, कुंडी बोटभर सरकवायची आणि म्हणायचं, "पुनरागमनाय च." त्या दिवसापासून पाणी बंद.

या वर्षी बळवंतराव बोळीतच वेताच्या खुर्चीवर बसले होते. अंगावर पानिपतहून आणलेलं मातकट रंगाचं जाड कांबळं. पानिपतचं कांबळं पांघरून पानिपतावर बोलायची त्यांना हौस होती.

"मराठी माणसाला इकडची थंडी तेव्हापासून मानवत नाही," ते म्हणाले. "दरवर्षी वाटतं, दोन महिने गाढ झोपावं आणि एकदम होळीला उठावं."

"मग झोपा की. कोण नको म्हणतंय?"

"तुझ्या अळवाची मजा आहे. त्याला कोणी कामाला लावत नाही."

बाईंच्या मुठीत चार-सहा अक्षता उरल्या होत्या. थट्टेची लहर आली, आणि त्यांनी त्या यजमानांच्या टकलावर टाकल्या. खुर्चीचा हात धरून ती बोटभर सरकवली. फरशीवर पाय कर्रकन घासले.

"पुनरागमनाय च," बाई म्हणाल्या. "जा आता. होळी झाल्यावर या."

दोघंही हसले. मग बळवंतराव टक्कल झटकत म्हणाले, "अगं, उत्तरपूजा झाली की मूर्तीत देव राहत नाही. नुसती माती उरते, माहीत आहे ना?"

"भलतंच काय बोलता," म्हणून बाई आत गेल्या. त्यांना आधणाचं बघायचं होतं.

३

पाचव्या की सहाव्या दिवशी बाईंच्या लक्षात आलं की दुपारचे चार वाजून गेलेत आणि कोणी खाकरलेलं नाही.

त्या मागच्या खोलीत गेल्या. ही खोली बोळीकडची, तिला एकच खिडकी. बळवंतराव कांबळ्यात होते. जागे होते.

"चहा नको का?"

"नको गं. थंडी आहे."

थंडी आहे म्हणून चहा नको, हे काही बाईंना पटलं नाही. पण म्हातारपणी माणूस विचित्र होतोच, असं म्हणून त्यांनी स्वतःचा एक कप टाकला. पुढच्या आठवड्यात ते सकाळचा पेपर घेईनासे झाले. मग वरणभात दोन घासांवर आला. ताप नाही, खोकला नाही, कुठे दुखत नाही. विचारलं तर नाराजीही नाही. नुसते उत्तरेकडच्या भिंतीला तोंड करून झोपायचे. हात धरला तर हात फरशीसारखा गार, आणि हातमोजे घातले तरी गारच.

दुसऱ्या मजल्यावरचा डॉक्टर सुयश येऊन बघून गेला. रक्त तपासलं, छातीचा आलेख काढला. "काकू, सगळं नॉर्मल आहे. नाडी मंद आहे, पण बिल्कुल नियमित. धुकं, प्रदूषण, वय... जरा उन्हात बसवत जा."

ऊन कुठून आणायचं, हे काही त्याने लिहून दिलं नाही.

बाहेर पंधरा दिवस धुकं उठलं नव्हतं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून कुंड्यांच्या कडाच तेवढ्या दिसत. बाई उभ्या राहून त्यांच्याकडे बघत, आणि मग मागच्या खोलीच्या दाराशी जाऊन कांबळ्याकडे बघत. दोन्हीकडे बघताना त्यांना अगदी एकच वाटतंय, हे एके दिवशी त्यांना कळलं. उगीचच त्यांनी रेडिओ लावला.

४

केतन गुरुग्रामहून रविवारी यायचा. एकुलता एक, कामाचा, आणि सगळ्या गोष्टींवर उपाय असलेला. संक्रांतीच्या आदल्या रविवारी नेमकं लख्ख ऊन पडलं. त्याने बाबांना उचललं.

"आई, किती हलके झालेत यार!" तो म्हणाला. मग दारापर्यंत जाऊन थांबला आणि त्याने श्वास घेतला. "नाही. हलके नाहीत. म्हणजे... वेगळंच वजन आहे."

सोसायटीच्या बागेत बाकावर त्यांना बसवलं. शेजारीपाजारी येऊन "क्या हाल है अंकल" करून गेले. बळवंतरावांनी डोळे मिटून घेतले होते. ऊन त्यांच्या उजव्या कानावर पडत होतं. अर्ध्या तासाने ते एवढंच म्हणाले, "हेमा, आत ने. अजून नाही."

"अजून काय नाही, बाबा?" केतनने विचारलं.

दुसऱ्या दिवशी बाई त्यांचं तोंड पुसत होत्या. उजवा कान हाताला मऊ लागला. कानाची पाळी मऊच असते, असं त्यांनी मनाला सांगितलं. पण तो मऊपणा तसा नव्हता. बोट थोडं आत गेलं आणि खळगा तसाच राहिला. वास आला तो त्यांच्या ओळखीचा होता. माया करून पाणी घातलेल्या त्या वर्षीच्या कुंडीचा.

त्यांनी खिडकीला जाड पडदा लावला. दोन दिवसांत कान वाळून घट्ट झाला, जरा काळपट. बाईंना इतकं बरं वाटलं की त्या स्वयंपाकघरात जाऊन रडल्या.

संक्रांत झाली आणि केतन कंपनीच्या कामासाठी सहा आठवड्यांकरता जर्मनीला गेला. जाताना म्हणाला, "आई, रोज व्हिडिओ कॉल हं. आणि काही वाटलं तर लगेच अ‍ॅडमिट. प्रॉमिस?"

बाईंनी प्रॉमिस केलं.

५

जानेवारीच्या शेवटी बळवंतरावांनी वरणही बंद केलं. ओठ ओले करायला चमचा नेला तर ते ओठ दाबून धरत.

सुयशने कपाळाला आठ्या घातल्या. "काकू, हे चालणार नाही. शरीरात पाणीच नाही जाणार तर कसं होईल? इथे घरीच सलाईन लावू. दोन दिवसांत टवटवीत होतील."

टवटवीत हा शब्द बाईंना आवडला नाही. पाणी घातलं की दोन दिवस टवटवीतच दिसतं, हे त्यांना माहीत होतं.

"केतन आला की बघू," त्या म्हणाल्या. "आज पेज घेतली त्यांनी. वाटीभर."

खोटं बोलल्याचं त्यांना वाईट वाटलं नाही, आणि वाईट वाटलं नाही याची भीती वाटली. सुयश गेल्यावर त्या जेवणाच्या टेबलाशी बसल्या आणि सरकारी टिपणी लिहावी तसा त्यांनी मनाशी विचार मांडला. एक: नवरा आजारी आहे, पाणी पीत नाही, डॉक्टर पाणी द्या म्हणतात. दोन: बायको पाणी देऊ देत नाही. अशी बायको दुसऱ्या कोणाच्या घरात असती तर आपण तिला काय म्हटलं असतं? उत्तर सरळ होतं. तरी त्या उठल्या, मागच्या खोलीतला पाण्याचा तांब्या उचलला आणि बाहेर आणून ठेवला.

कौशल्येने त्या खोलीत जायचं सोडलं होतं. "आंटी, उस कमरे में मिट्टी की बास आती है," ती म्हणाली. "गीली नहीं, सूखी मिट्टी की."

"कुंडियाँ पास में हैं ना," बाई म्हणाल्या.

"खिड़की तो बंद है, आंटी."

व्हिडिओ कॉलवर बाई दुरूनच कांबळं दाखवत. "आत्ताच झोपलेत बघ." पडद्यावर केतनला मातकट उंचवटा दिसे, आणि त्याच्या टोकाशी थोडं टक्कल. "अच्छा, झोपू दे," तो म्हणे. त्यालाही तिकडे काम असे.

६

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात, भर दुपारी, बाईंना राहवलं नाही.

घरात कोणी नव्हतं. धुकं विरलं होतं, विजयालक्ष्मींच्या गच्चीतून कुंड्यांना पाणी घातल्याचा आवाज येत होता. बळवंतराव भिंतीकडे तोंड करून होते. कांबळं श्वासाने हलतंय का, हे बाई बराच वेळ बघत उभ्या राहिल्या. हललं असं वाटायचं, मग नाही असं वाटायचं. जिवंत असलेलं माणूस त्यांना हवं होतं. बेचाळीस वर्षांचा सोबती हवा होता, त्याची थट्टा हवी होती, त्याचं खाकरणं हवं होतं. नुसतं बघायचं, त्या स्वतःला म्हणाल्या. उकरायचं नाही.

त्यांनी कांबळ्याच्या कडेखालून एक बोट आत घातलं. कुंडीत घालत तसंच, हळूच, तिरकं.

सदरा लागला. सदऱ्याखाली पाठ. गार आणि टणक. बाईंच्या जिवात जीव आला. बोट आणखी थोडं सरकलं, आणि पाठीच्या कण्याशेजारी एक उंचवटा लागला. लिंबाएवढा. तोही गार, तोही टणक, आणि वरच्या बाजूला निमुळता होत गेलेला, टोकाशी जरा ओलसर. त्याच्याखाली दुसरा होता.

बाईंनी बोट काढून घेतलं. कांबळ्याची कड होती तशी दाबली, अगदी माती दाबावी तशी, आणि दार ओढून घेतलं.

वयात गाठी येतात. चरबीच्या असतात. सुयशला विचारता येईल. हे सगळं त्या मनाशी म्हणत होत्या तोवर बोट खाजायला लागलं. मग तळवा. मग मनगटापर्यंत. साबणाने धुतलं, खोबरेल लावलं, खाज वाढतच गेली. ती खाज कोणती हे त्यांच्या हातांना त्यांच्याआधी कळलं होतं. पन्नास वर्षं त्यांनी अळू चिरला होता. शेवटी त्यांनी डब्यातून चिंचेचं बुटुक काढलं, पाण्यात कुस्करलं आणि हाताला चोळलं.

खाज क्षणात थांबली. बाई सिंकशी हात तसेच धरून उभ्या राहिल्या. खाज थांबायला नको होती, असं त्यांना फार वाटलं.

७

फेब्रुवारी संपता संपता सुयशने केतनला सरळ फोन केला. मग केतनचा बाईंना आला.

"आई, तू मला काय सांगत होतीस इतके दिवस? एक महिना खाल्लं नाहीये त्यांनी!" त्याचा आवाज फुटला होता. "मी धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पोचतोय. एअरपोर्टवरून अ‍ॅम्ब्युलन्स घेऊनच येतो. हॉस्पिटलमध्ये लगेच सलाईन लावणारेत. आणि प्लीज, तू मध्ये येऊ नकोस."

होळी जळाली, थंडी पळाली, असं म्हणतात. पण थंडीने ते ऐकायला हवं. बाई रोज सकाळी बोळीत वाकून तीसही कुंड्या बघत. माती होती तशीच होती. होळी पेटली, धुळवडीचा गोंगाट झाला, आणि माती होती तशीच होती. अळकुडी अजून निघाली नसेल आणि केतनने पाणी दिलं, तर लगदा होईल. निघायची वेळ झाली असेल आणि पाणी दिलं नाही, तर आतल्या आत वाळून जाईल. त्या रात्री त्यांना झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडताच त्या बोळीत गेल्या. हवेत थंडी नव्हती. कोपऱ्यातल्या कुंडीत मातीला चीर पडली होती, आणि चिरेतून सुईच्या टोकाएवढं, गुंडाळलेलं, पोपटी काहीतरी वर आलं होतं.

चार महिन्यांनी बघितलेला तो हिरवा रंग. बाई खाली फरशीवरच बसल्या. शेजारच्या कुंडीतही होतं. तिच्या पलीकडच्या कुंडीत तीन होते. त्यांनी झारी भरली आणि एकेका कुंडीला बेताने पाणी दिलं. मग स्वच्छ पेला भरून त्या मागच्या खोलीत गेल्या.

अंधारात त्यांनी कांबळ्याची डोक्याकडची बाजू थोडी उचलली. ओठ चाचपले. या वेळी ते दाबलेले नव्हते. पेला तिरका केला. पाणी गेलं. सगळं गेलं. इतक्या सावकाश आणि इतक्या खोल कोणी पाणी पिताना त्यांनी कधी ऐकलं नव्हतं.

"अहो," त्या म्हणाल्या. "होळी झाली."

कांबळं हललं, हे नक्की. त्यांच्या डोळ्यांदेखत हललं, आणि एकाच ठिकाणी नव्हे. बाई मागे मागे सरत बाहेर आल्या. दार उघडं ठेवलं.

स्वयंपाकघरात त्या ओट्याला धरून उभ्या राहिल्या. केतनचं विमान उतरल्याचा मेसेज येऊन तास झाला होता. खोलीतून काही आवाज नव्हता. मग आला.

कोणीतरी खाकरलं. एक लांब, एक आखूड.

"आले, आले," बाई म्हणाल्या. त्यांना हसू येत होतं आणि डोळ्यांतून पाणी थांबत नव्हतं. त्यांनी पातेलं घेतलं, दोन कप पाणी घातलं, गॅस लावला, आलं किसायला घेतलं. आपलं माणूस परत आलं होतं, आणि या आनंदापुढे बाकी काही विचारायचं नाही असं त्यांनी ठरवून टाकलं.

पुन्हा खाकरणं आलं. एक लांब, एक आखूड. तेच, अगदी तेच, पण बारीक आवाजात, आणि जमिनीलगतून. पलंगाखालून यावं तसं.

बाईंचा हात किसणीवर थांबला.

मग कपाटाच्या बाजूने. मग दाराच्या अगदी जवळून. हे नवखं होतं, लांब आणि आखूड यांचा क्रम चुकला, आणि मग कोणीतरी शिकवल्यासारखं मोठ्या आवाजात एकदा नीट झालं, आणि मागोमाग बारीक आवाजातही नीट झालं. शेवटी खिडकीच्या पडद्यामागून आणखी एक. त्यानंतर खोली शांत झाली. चहाची वाट बघताना ती नेहमीच तशी शांत असे.

बाईंनी मान वळवून दाराकडे बघितलं नाही. त्यांनी पातेल्यात आणखी चार कप पाणी ओतलं.

फाटकाशी अ‍ॅम्ब्युलन्स थांबल्याचा आवाज आला, आणि केतनची घाईची पावलं. त्याचाही एक कप, म्हणून त्यांनी आणखी पाणी घातलं. मग वरच्या फळीवरून चांगला सेट काढला आणि कप ओळीने मांडले. सेट सहाचाच होता. स्वतःसाठी त्यांनी स्टीलचा पेला घेतला.